पपई-कबड्डी आणि आहेराचं पाकीट

१

पैज लागली ती बिस्किटावरून.

लोहाऱ्याच्या एमआयडीसीसमोरच्या टपरीवर डोमाजीनं बिस्कीट चहात बुडवलं, ते तुटून कपात गेलं, आणि शेजारी बसलेला रामराव गावंडे खो-खो हसला. बस, एवढंच. डोमाजीचं मोटार वाइंडिंगचं दुकान. दिवसभर जळक्या तारांचा वास घेऊन त्याचं डोकं तसंही तापलेलं असायचं. बोटानं कपातला लगदा काढत तो म्हणाला, "हास, हास. तुह्या क्लबाचं बी असंच हाय. वरून कडक, आतून लगदा."

"क्लबाचं नाव नको घेऊ बे."

"काहून नको? फुकटात कोन मातीत लोयते आजकाल? तुह्या पोट्ट्याईत कोनीतरी पैसे घेऊन राह्यलं. मी सांगतो ना."

रामरावला तुझ्या दालमिलच्या डाळीत खडे निघतात म्हटलं तर तो ऐकून घ्यायचा. क्लबाला बोललेलं खपायचं नाही. लोहारा रग्बी क्लब त्यानं उभा केला होता. गाववाले त्या खेळाला पपई-कबड्डी म्हणायचे, कारण चेंडू पपईसारखा आणि बाकी सगळी झोंबाझोंबी. क्लबात येणाऱ्या प्रत्येक पोराला नारळ फोडताना रामराव एकच नियम ऐकवायचा: इथं खेळायचं ते हौसेनं, पैसा घेतला की बाहेर. नियम जिल्हा संघटनेचाच होता, पण रामराव तो असा सांगायचा जसा त्यालाच स्वप्नात दिसला होता. घरची दालमिल असली की हौस परवडते, ही गोष्ट मात्र त्याला स्वप्नातही दिसली नव्हती.

तो उभा राहिला. मिशी त्याच्याआधी उभी राहिली. जाड, तेल लावलेली, दोन्ही टोकं वर.

"एक जरी पोट्टा पैशावर खेयतांना सापडला ना डोमाजी, तर ह्याच चौकात अर्धी मिशी काढीन! आन नाही सापडला तर तू स्क्रममधी घुसशीन."

स्क्रम म्हणजे दोन्ही बाजूची दांडगी पोरं डोकी खाली घालून बैलासारखी एकमेकांना रेटतात, ते. डोमाजीच्या कमरेला दुखण्याचा पट्टा होता. तरी तो म्हणाला, "लागली."

"साक्षीदार मी," बाकावरून आवाज आला. ती विमलताई. एसटीतून रिटायर झालेली कंडक्टर, नेर-यवतमाळ गाडीवर केस पिकवलेली. विनातिकीट माणूस चेहऱ्यावरून नाही, मानेवरून ओळखू येतो, असं ती सांगायची, आणि कोणी न विचारता सांगायची. "अर्धी म्हंजे अर्धी, रामभाऊ. मंग रडाचं नाही."

रामराव मिशीला पीळ देत घरी गेला. पूर्ण मिशीचा तो शेवटचा आठवडा होता.

२

सामना यवतमाळच्या मैदानावर, नेरच्या संघाशी. रामराव जीपमधून जर्स्यांचं पोतं घेऊन आला. पोतं दालमिलचंच, वर तूरडाळ छापलेलं. जर्स्या रामरावच्या घरी धुतल्या जायच्या. त्याची बायको तानाबाई त्या घासायची, वाळवायची, घड्या घालून पोत्यात भरायची. मैदानावर ती कधी आली नव्हती. बायका आल्या की पोट्टे लाजतात, हाही रामरावचाच नियम.

पोत्याची सुतळी सुटेना, तेव्हा रामरावनं ती दातानं तोडली आणि जर्स्या वाटायला सुरुवात केली.

पहिली, एक नंबरची, त्याच्या पोराची. इंद्रजित. पुढच्या फळीतला, अंगानं भरलेला, चालतानाही दम लागायचा. पण बापाला तो मैदानावर दिसला की बापाचं पोट भरायचं. सुट्टीत तो मामाकडं उमरखेडला गेला होता आणि तिथून सकाळच्या गाडीनं थेट मैदानावरच उतरला होता. त्यानं जर्सी घेतली, झटकली. पुन्हा झटकली. उलटी केली, बाह्यांत हात घालून पाहिला.

"मुंग्या हायेत का रे?" रामरावनं विचारलं.

"नाही बाबा." इंद्रजितचा चेहरा उतरला. "पोट दुखून राह्यलं. मी नाही खेयत आज." आणि तो झाडाखाली जाऊन बसला.

रामराव काही बोलणार तेवढ्यात मागं टण्ण आवाज झाला.

आवाज नाण्याचा होता. रोशननं आपल्या नऊ नंबरच्या जर्सीची घडी उलगडली आणि तिच्यातून एक पाकीट खाली पडलं. लग्नात आहेर करतात तसलं. सोनेरी काठाचं, वर रुपया चिकटवलेलं. नाव नाही, गाव नाही. आत नोटा.

सगळं मैदान वाकून पाहायला लागलं. मग डोमाजी, जो खास पैजेसाठी आला होता, एकटाच टाळ्या वाजवायला लागला.

रोशन म्हणजे क्लबाचा जीव. लहानखुरा, विंचवासारखा चपळ. स्क्रमच्या पायांतून चेंडू काढून कधी फेकला ते समोरच्याला कळायचंच नाही. कामाला एमआयडीसीत, सुताच्या कारखान्यात. पुढच्या रविवारी याच मैदानावर महाराष्ट्राच्या संघासाठी पोरं निवडायला माणसं येणार होती, आणि लोहाऱ्यातून पाहण्यासारखा हा एकच, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"काका, मले नाही मालूम हे कुठून आलं."

"तुह्या जर्सीतून आलं ना बे!" रामराव ओरडला. नेरची पोरं पाहत होती, संघटनेचा माणूस पाहत होता, आणि मिशी धोक्यात होती. "कारखान्यात सूत ओढता ओढता नोटा ओढाले शिकला काय? काढ थे जर्सी."

"अजून घातली नाही काका."

"मंग ठेव खाली! आन अंगातला शर्ट बी काढ, त्याच्यावर बी क्लबाचं नाव हाय."

रोशननं शर्ट काढला. सकाळची थंडी होती. उघड्या अंगानं तो मैदानाच्या कडेकडेनं चालत फाटकापर्यंत गेला. नेरच्या एकानं शिट्टी मारली. संघटनेचा माणूस एवढंच म्हणाला, "खुलासा होईपर्यंत हा पोरगा मैदानात येणार नाही. पुढच्या रविवारीपण नाही."

लोहारा हरला. किती फरकानं, ते सांगायची सोय नाही.

३

"डोमाजीनंच टाकलं थे," रामराव विमलताईच्या ओसरीवर बसून म्हणाला. "मिशीसाठी. तुमी फक्त सिद्ध करून द्या, ताई."

विमलताई सुपारी कातरत होती. "आन रोशननं घेतले असतील तर?"

"मंग मी हरलो ना! थे नाही पाह्यजे मले."

"म्हंजे रोशनचं काय झालं थे नाही, मिशीचं काय होते थे शोधाचं."

रामराव हसला. त्याला वाटलं ताई गंमत करून राहिली. गंमत करतच होती, पण त्याची.

"एक सांगा रामभाऊ. जर्स्याचं पोतं घरून निघालं तवा तोंड बांधलेलं होतं का उघडं?"

इथं रामरावची मान थोडी आखडली. सुतळीची गाठ त्याला चांगली आठवत होती. दातात अजून एक धागा अडकल्यासारखा वाटत होता. पण पोतं बांधलेलं होतं म्हटलं तर डोमाजीनं पाकीट टाकलं कधी? मग उरला रोशन, आणि गेली मिशी. त्यानं फक्त एवढाच हिशेब केला. त्याच्यापुढचा, की बांधलेलं पोतं बांधलं कुठं, हा त्याच्या डोक्यात आलाच नाही.

"उघडंच होतं," तो म्हणाला.

विमलताईनं त्याच्या मानेकडं पाहिलं आणि अडकित्ता बंद केला.

४

डोमाजीच्या दुकानात विमलताई गेली तेव्हा रामरावही मागं गेला, चोर पकडला जाताना पाहायला.

"मी?" डोमाजीनं हातातली तार खाली टाकली. "ताई, तुमी मले ओळखता. एवढ्या नोटा टाकून मी मिशी घेऊ? तेवढ्यात बोकड नाही येत? आन बोकड खाता तरी येते."

"पैज जिंकाले मानूस काय बी करते," रामराव म्हणाला.

"आन थे पाकीट! नवं कोरं, रुपया लावलेलं!" डोमाजी खरंच दुखावला होता. "माह्या घरातून आहेर जाते तो दुसऱ्याच्या पाकिटात. जुनं नाव खोडून. रामराव, तुह्याच पोरीच्या लग्नात देल्लतं मी तसं. विसरला काय?"

रामराव विसरला नव्हता. पाकिटावर त्याच्याच साडूचं नाव खोडलेलं होतं.

तिथून भीमराज सर. क्लबाचे कोच, शाळेत पीटी शिकवायचे. रामरावला अलीकडं त्यांचाही संशय यायला लागला होता. रोशन दुसऱ्या क्लबात जाऊ नये म्हणून सरच त्याला गुपचूप देत असतील. तसं असतं तरी मिशी जाणारच होती, पण निदान शिव्या द्यायला माणूस मिळाला असता.

"मी भाजीवाल्या बाईले सुदिक फोनवरून देतो," भीमराज सर खिसे उलटे करून म्हणाले. "नोटा पाह्यल्याले किती दिवस झाले मले. आन ताई, पाकीट मैदानावर कोनी कसं टाकन? पोतं तं बांधून आलतं. काकाईनं सुतळी दातानं तोडली, आमी सगळे हासलो ना."

रामराव एकदम खोकायला लागला.

विमलताईनं पुन्हा नुसतं त्याच्या मानेकडं पाहिलं. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं रामरावला वाटलं.

रोशन कारखान्याच्या गेटवर भेटला, केसांत कापसाचे तंतू. रामरावला पाहून त्यानं नमस्कार केला नाही, आणि तोंडही फिरवलं नाही. तो विमलताईशीच बोलला.

"पैसे घ्याचे असते तं उघड्यावर घडी उलगडली असती का, मावशी? अन् नेरवाले मले केव्हाचे बोलावून राह्यले. थे तं भाडं बी देतो म्हनत होते. मी नाही गेलो."

"काहून नाही गेला?"

"काका म्हनत, हौसेनं खेया. मले वाटे, खरंच हौस असन." त्यानं केसांतला तंतू ओढून काढला. "सामन्याच्या दिवशी माही शिफ्ट बुडते. कोनाले सांगू? रविवारी निवड हाय. नाही उभं राहू देल्लं तं पुढच्या साली माहं वय बसत नाही त्याईच्या नियमात. बस."

भोंगा वाजला आणि तो आत गेला.

"पोरगं खोटं बोलत नाही," विमलताई म्हणाली. "आता तुमच्या घरी चाला."

"माह्या घरी कायले?"

"चहा प्याले," विमलताई म्हणाली. पण तिनं टपरी सोडून गावंड्यांच्या घराचा रस्ता धरला होता.

५

अंगणात दोरीवर जर्स्या वाळत होत्या. रामराव आत झोपाळ्यावर बसला आणि खिडकीतून कान देत राहिला. तानाबाई पोत्यावर बसून साबणाचे हात पुसत होती.

"कंबर जात नसन काय हो वैनी, एवढं घासता?" विमलताईचा आवाज.

"जाते. पन हा एक नंबर पाहा ना ताई, हा सगळ्यात मयते. दरवेळी चिखलानं भरून. आमचा इंद्रजित लय जीव टाकून खेयते. म्या म्हनलं, बाबू, हळू खेय, तं हासते नुसता."

झोपाळ्यावर रामरावची छाती फुगली. डोमाजीनं ऐकायला पाहिजे होतं.

"तुमी पाह्यला असन ना खेयतांना?"

"मले कोन नेते मैदानावर."

फोन वाजला. तानाबाईनं पडद्यावर पाहिलं. "माहा भाऊ हाय, उमरखेडचा. इंद्रजितनं सगळ्याईचे फोटो लावून देल्ले, म्हंजे वाचाची भानगड नाही." भावाशी बोलून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "ताई, थ्या रोशनच्या जर्सीत पाकीट निघालं म्हंते. कोनं टाकलं असन हो?" आवाज जरा जास्तच हलका होता.

"थेच शोधून राह्यले. बरं, माह्या भाचीचं लग्न हाय. एखादं आहेराचं पाकीट हाय काय तुमच्याकडं?"

तानाबाई उठली. डबा उघडल्याचा आवाज आला, मग झाकण घाईनं दाबल्याचा.

"संपले वाटते," तानाबाई म्हणाली.

पण रामरावला पक्कं माहीत होतं. लग्नसराई तोंडावर होती आणि त्यानंच आणलेला अख्खा गठ्ठा त्या डब्यात होता. सोनेरी काठाचा. वर रुपया चिकटवलेला.

झोपाळा आपोआप थांबला.

६

शनिवारी विमलताईनं सगळ्यांना गावंड्यांच्या अंगणात बोलावलं. डोमाजी पट्टा आवळून, भीमराज सर, रोशन फाटकाजवळ उभा, आत यायला तयार नाही. इंद्रजित पायरीवर, मोबाईलमध्ये डोकं घालून. रामराव खुर्चीत. दोन दिवस तो बायकोशी बोलला नव्हता. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, म्हणून विचारलं नव्हतं.

"सोपं हाय," विमलताई म्हणाली. "पोतं बांधून आलं. रामभाऊ मले उघडं होतं म्हनाले, पन थे त्याईचं मिशीचं दुखनं. गाठ मैदानावर त्याईच्याच दातानं सुटली. म्हंजे पाकीट ह्या घरातच घडीत गेलं."

"माह्या घरातलं कोनी रोशनले पैसे कायले देईन?" रामराव म्हणाला.

"रोशनले नाहीच देल्ले. मले गाडीत लय डाव असं झालं. तिकीट एकाचं, त्या सीटवर बसला दुसरा." ती वळली. "तानाबाई, दोरीवरची एक नंबरची जर्सी आना बरं."

तानाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं, पोराकडं पाहिलं. मग दोरीकडं गेली. पहिल्याच जर्सीवर एक सरळ रेघ होती, इंग्रजीतला 1. तिच्याकडं तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. पाच-सहा जर्स्या बाजूला सारून तिनं एक ओढली आणि आणून विमलताईच्या हातात दिली.

"हे घ्या. एक नंबर."

जर्सीवर होता 9.

भीमराज सरांना सगळ्यात आधी उमगलं आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"गोल डोकं, खाली शेपूट," विमलताई हवेत बोट फिरवून म्हणाली. "मराठीतला १. आन इंग्रजीतला नऊ बी तसाच. वैनी, हा नऊ हाय."

"नऊ?" तानाबाई गोंधळली. "मंग इंग्रजीत एक कसा रायते?"

"थे पहिलीवरची काडी."

"थे? थे तं मले डिझाइन वाटे."

डोमाजी हसायला लागला, कमर धरून, विव्हळत हसायला लागला. विमलताईनं त्याला हातानंच थांबवलं. तिला आता खरी मजा यायला लागली होती.

"इंद्रजित उमरखेडवरून थेट मैदानावर येनार होता. हातात देता येत नव्हतं, म्हनून घडीत ठेवलं. त्यानं आईले सांगून ठेवलतं, माहा नंबर एक. मैदानावर बाबू जर्सी झटकते, उलटी करते, बाह्यात हात घालते. पाकीट नाही. अन् लगेच पोट दुखते. खरं का नाही, बाबू?"

इंद्रजितचा मोबाईल हातातच विझला.

"अवं, पन हे पैसे घेनं नाही झालं!" रामराव उसळला. "आईनं पोराले देल्लं, थे खाऊ झाला! खाऊले कोन पगार म्हंते?"

"विचारू त्यालेच. इंद्रजित, पाकीट भेटलं असतं तं पोट दुखलं असतं काय रे?"

इंद्रजितनं बराच विचार केला. तो विचार करत होता हेच उत्तर होतं. "…नाही," तो म्हणाला.

"अन् आधीच्या सामन्याईले?"

"आई देत होती. दरवेळी. मी तिले सांगतलं होतं, नाही देल्लं तं नाही खेयत."

रामरावनं बायकोकडं पाहिलं. ती पदरानं हात पुसत होती, जरी हात कोरडे होते.

"कायले देल्ले तू?"

"अवो, तुमी घरात त्याच्याशी दुसरं काय बोलत?" तानाबाई म्हणाली. "खेयून आला का तुमी त्याले ताटावर बसवून विचारत, कसं झालं बाबू. नाही खेयला तं आठ-आठ दिवस ओ नाही. म्या थेच घेतलं पैसे देऊन. तुमचं बोलनं."

तानाबाईनं विमलताईच्या हातातून ती नऊ नंबरची जर्सी परत घेतली. तिनं ती उलटी केली, कोपरावरच्या, कधीच न निघणाऱ्या डागावर अंगठा घासला.

"म्हंजे हा चिखल…"

"रोशनचा, वैनी," भीमराज सर हळूच म्हणाले.

"सालभर?"

"सालभर."

ती दोरीवरच्या त्या काडीवाल्या जर्सीजवळ गेली. पांढरी, कडक, दुकानातून आणल्यासारखी. तिनं कॉलर पाहिली, कोपर पाहिलं. मग पायरीवरच्या पोराला नुसतं म्हणाली, "तू तिथं करत काय होता रे मंग?"

फाटकाजवळून रोशन पहिल्यांदा बोलला. "सर, संघटनेवाल्याले आत्ताच फोन लावा. सकाळी निवड हाय."

सरांनी लावला. तो माणूस हसत होता, ते फोनमधून सगळ्यांना ऐकू आलं. रोशन मोकळा. पैशावर खेळणारा तो दुसरा, एक नंबरचा.

डोमाजीनं हात चोळले. "रामराव, सकाळी चौकात लवकर ये. गर्दी होईन."

७

झालीच गर्दी. सकाळी लोहाऱ्याच्या चौकात एमआयडीसीला जाणाऱ्या सायकली थांबल्या, एक एसटी थांबली, आणि तिच्या खिडक्यांतून लोक अर्धे बाहेर आले. पिंटू सलूनवाल्यानं खुर्ची टपरीसमोर आणून ठेवली होती. क्लबाची पोरं बॅगा घेऊन टेम्पोत बसलेली, पाय बाहेर सोडून. रामराव आला आणि खुर्चीत बसला. पळून गेला असता तर आयुष्यभर लोकांनी तेवढंच सांगितलं असतं, एवढी अक्कल त्याला होती.

"रोशन," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "चुकलं माहं. उघडं करून पाठवलं तुले, थे लय चुकलं."

रोशननं मान हलवली. ठीक आहे, अशीही नाही आणि नाही, अशीही नाही.

"कोनती बाजू काढू?" पिंटूनं वस्तरा उघडला.

"रोशनले विचार," डोमाजी म्हणाला. "त्याच्या मनावर. डावी का उजवी?"

रोशननं मिशीकडं नीट पाहिलं, जसं तो स्क्रममध्ये चेंडूकडं पाहायचा. "मधली," तो म्हणाला.

चौक फुटला हसण्यानं.

"अर्धी म्हनलं होतं!" रामराव ओरडला.

"मधली अर्धी," विमलताई बाकावरून म्हणाली. "साक्षीदार मी हाय. पिंटू, लाव साबण."

वस्तरा नाकाखाली टेकला. रामराव दगडासारखा बसला. तेव्हा रोशन खुर्चीजवळ आला आणि त्याच्या कानापाशी वाकला, पण आवाज सगळ्या चौकाला पुरेल एवढा ठेवला.

"काका, क्लबात आमी पाच-सहा झन हाव ज्याईची शिफ्ट बुडते. आमाले दालमिलात घ्या. सामन्याच्या दिवशी भरपगारी सुट्टी. संघटनेचा नियम नाही मोडत, सराईले विचारलं मी. पैसे खेयाचे नाही, डायीचे. चालते? नाही म्हनाचं असन तं मान हलवा."

पिंटूचा वस्तरा नेमका ओठावर होता. रामरावनं डोळे फिरवले. डावीकडं, उजवीकडं. मान हलवायची सोय नव्हती.

"मान नाही हालली!" टेम्पोतून पोरं ओरडली. "काका 'नाही' म्हनालेच नाही! हो झालं!"

पिंटूनं टॉवेलनं तोंड पुसलं आणि आरसा समोर धरला. मधला सगळा भाग साफ. दोन्ही टोकांना दोन झुबके, वर वळलेले, मांजरीच्या शेपटीसारखे. एसटीतली एक म्हातारी बाई पदरात तोंड खुपसून हसत होती. डोमाजी कमर धरून खालीच बसला होता, आणि त्याला उठवायला कोणी येत नव्हतं.

रामराव उभा राहिला. पैज हरलेल्यानं चौकाला एक वळसा घालायचा, ही गावची रीत होती. अर्ध्या वळशावर त्याला टपरीच्या मागं तोंडावर दुपट्टा बांधलेला एक जाडजूड माणूस दिसला. दुपट्टा तानाबाईचा होता.

"इंद्रजित?" रामराव थांबला. कालपासून तो पोराशी बोलला नव्हता. आता बोलावंसं वाटलं, सगळ्यांसमोर, ह्या तोंडानं. "ये ना बाबू. घरी चाल. जेवू."

सगळा चौक तिकडं वळला. कोणीतरी ओरडलं, "एक नंबर!" दुसऱ्यानं टण्णकन रुपया फेकला.

इंद्रजितनं बापाच्या त्या दोन झुबक्यांकडं पाहिलं, जमिनीवरच्या रुपयाकडं पाहिलं, आणि पळाला. बाक ओलांडून, सायकलींच्या मधून, एसटीला वळसा घालून, नेर रोडच्या दिशेनं. दुपट्टा मागं उडत राहिला. पाय असे पडत होते की धूळ उठायच्या आत तो पुढं.

"आयला," भीमराज सर म्हणाले. "हा पयते!"

"आन फुकटात," डोमाजी खालूनच म्हणाला.

टेम्पोतल्या पोरांनी टाळ्या धरल्या. रोशनही वाजवत होता. रामराव रस्त्याच्या मधोमध उभा राहून पाहत राहिला, पोरगं वळणावर दिसेनासं होईपर्यंत. तोंडाला वारा लागत होता, जिथं कित्येक वर्षांत लागला नव्हता. आणि काही केल्या त्याच्या डोक्यात एकच गोष्ट येत होती. खांदा जरासा खाली ठेवला असता, तर पोरगं अजून जोरात गेलं असतं.